टूरिंगच्या गाडीचा सायलेन्सर: दुकानात भारी वाटतो तो आणि हायवेवर सोसतो तो

पाऊस ओसरला, लोकांच्या राईड सुरू झाल्या की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात, दादा रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर घेतलीये, सायलेन्सर कुठला टाकू, आवाज एकदम भारी पाहिजे. भारी म्हणजे नेमका कसा रे, असं विचारलं की समोरचा एक व्हिडिओ पाठवतो, त्यात कोणीतरी उभ्या गाडीची रेस पिळत असतो आणि खाली शंभर कमेंट. मी पण एकेकाळी असाच व्हिडिओ बघून पैसे घालवलेत त्यामुळे मला नावं ठेवायचा अधिकार नाही, पण निदान का घालवले ते आता कळलंय.

झालं असं की चारेक वर्षांपूर्वी मी माझ्या रॉयल एन्फिल्ड ६५० ला शॉर्ट बॉटलची, म्हणजे आखूड बाटलीसारख्या सायलेन्सरची, जोडी टाकली. दुकानदाराने बसवून दिली, स्टार्ट मारला, दोनदा पिळली, अंगावर काटा आला राव. पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं पुण्याहून मालवणला निघालो, कोल्हापूर आंबोली करत. साताऱ्यापर्यंत मी हवेत. कराड सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, गाडी शंभरला स्थिर झाली आणि हेल्मेटमध्ये एक घूंऽऽऽ सुरू झालं ते थांबेचना. नव्वदला आणलं की कमी, एकशे दहाला नेलं की कमी, पण ज्या स्पीडला बाबा आरामात जायचंय नेमकं तिथेच ते घूं. कोल्हापुरात मिसळ खायला थांबलो तर बायको म्हणाली, मी इथून एसटीने येते, तू ये तुझ्या भोंग्यावर. एसटीने ती गेली नाही, पण परत आल्यावर ती जोडी आठवड्यात उतरवली.

तर हे घूं काय होतं हे समजायचं असेल तर आधी आवाज मुळात येतो कुठून ते बघायला लागेल, फार अवघड नाहीये.

इंजिनात स्फोट होतो, जळलेला गरम वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाने बाहेर फेकला जातो, म्हणजे पाईपमधून सलग हवा येत नसते तर एकामागून एक दाबाचे ठोके येत असतात. फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलेंडरचा स्फोट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा होतो. आता एन्फिल्डचीच क्लासिक ३५० घ्या, एकच सिलेंडर. उभी असताना हजार आरपीएम, म्हणजे मिनिटाला क्रँकच्या हजार फेऱ्या धरा, म्हणजे मिनिटाला ५०० ठोके, सेकंदाला साधारण आठ. आपला कान सेकंदाला वीसच्या खालचे ठोके वेगवेगळे ऐकतो, म्हणून बुलेट उभी असली की धक् धक् धक् मोजता येतं. तीच गाडी चार हजारावर नेली की सेकंदाला ३३ ठोके होतात, ते आता वेगळे राहत नाहीत, त्यांचा एक सलग खर्ज सूर होतो. म्हणजे ज्या धकधकीवर आपण भाळतो ती फक्त सिग्नलला आणि चहाच्या टपरीसमोर असते, हायवेला पळत्या गाडीत नसतेच! जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाले स्लो, म्हणजे उभ्या गाडीचे आरपीएम, अगदी खाली आणून ठेवायचे ते याच्यासाठीच, क्रँकवरच्या जड चाकामुळे, फ्लायव्हीलमुळे, इंजिन तेवढ्या स्लोवरही बंद पडायचं नाही आणि ठोके लांब लांब पडायचे.

आता दोन सिलेंडर असले की प्रश्न येतो ते ठोके समान अंतराने पडतात का. रॉयल एन्फिल्डची ६५० ट्विन २०१८ मध्ये आली तिचा क्रँक २७० अंशाचा आहे, म्हणजे एक ठोका, मग क्रँक २७० अंश फिरल्यावर दुसरा, मग ४५० अंशांची लांब गॅप. समान नाही, लंगडा ताल. ९० अंशाच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलेंडर व्ही आकारात असतात तिथे, पण हेच गणित बसतं म्हणून ही पॅरलल ट्विन, म्हणजे सिलेंडर शेजारी-शेजारी, असूनही व्ही-ट्विनसारखी वाजते. हार्ले-डेव्हिडसनचं व्ही-ट्विन इंजिन ४५ अंशाचं आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, तिथे गॅप ३१५ आणि ४०५ अशा पडतात, त्यातून तो प्रसिद्ध पोटॅटो-पोटॅटो येतो. त्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून हार्लेने १९९४ मध्ये अमेरिकेत अर्ज केला होता, बाकीच्या कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला. सांगायचा मुद्दा हा की ताल इंजिन ठरवतं, सायलेन्सर नाही. पखवाज वाजवणारा तोच राहणार, तुम्ही फक्त पखवाज बदलताय. क्लासिकला दीड लाखाचा पाईप लावला तरी ती ६५० सारखी वाजणार नाही आणि कोणी तसं सांगून विकत असेल तर गाडी वळवून घरी या.

मग सायलेन्सर काय करतो? दोन जातीचे असतात मुख्यत्वे. कंपनीचा जो येतो तो बहुतेक खोल्या-खोल्यांचा असतो, आत पडदे, भोकं, उलटसुलट नळ्या. वायू एका खोलीतून दुसरीत जातो, परत मागे येतो, लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना खातात आणि बाहेर येईपर्यंत दम गेलेला असतो. यातल्या काही खोल्या रिकाम्या बाटलीवर फुंकर मारल्यावर जसा एक ठरलेला सूर घुमतो त्या तत्त्वावर असतात, त्यांचा आकार असा काढलेला असतो की नेमका त्रासदायक सूर त्यांनी गिळावा. म्हणून तो सायलेन्सर लांब, जाड आणि वजनदार असतो, हातात घेतला की कळतं.

दुसरी जात म्हणजे सरळ नळीवाला, आरपार बघितलं तर पलीकडचं दिसतं. आत भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती ग्लासवूल आणि बाहेरून डबा. शॉर्ट बॉटल, मेगाफोन, बरेचसे नवीन महागडे स्लिप-ऑन (नुसता मागचा डबा बदलायचे ते) हे याच कुळातले. वूल आवाज शोषते, पण सगळा नाही, आणि इथेच खरी गोम आहे. गरम वायूत आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास पळतो. माझी गाडी शंभरला साधारण चार हजार आरपीएमवर असते, दोन सिलेंडर म्हणजे सेकंदाला ६६-६७ ठोके, भागाकार केला तर त्या आवाजाची एक लाट साडेसात मीटर लांब निघते. साडेसात मीटरची लाट आणि तिला अडवायला दोन-तीन सेंटीमीटर वूल, ती लाट ढुंकूनही बघत नाही. वूल खाते ते वरचे चिरके, किनरे आवाज. खालचा खर्ज तसाच बाहेर. म्हणून हे सायलेन्सर गंभीर, भरदार वाटतात, ज्याला आपण बेस म्हणतो, आणि म्हणूनच तेच हायवेवर घुमतात. दोन्ही एकाच कारणाने होतंय, बेस ठेवून घुमणं काढा असं फार थोड्या डब्यांना जमतं आणि ज्यांना जमतं ते लांबीने किंवा पोटाने मोठे असतात. खर्ज गिळायला जागा लागते, त्याला पर्याय नाही. ६६ ठोक्यांच्या सुराला मारायला बाजूला एक बंद नळी जोडायची म्हटली तर ती लाटेच्या पाव भाग, म्हणजे १.९ मीटर लांब लागेल, ती काय गाडीला वेटोळं घालून बांधणार का.

तर पहिला नियम माझा हा, टूरिंगला आखूड डबा नको. शहरात चौकातून चौकात जाणाऱ्याला चालेल कारण त्याची गाडी एका आरपीएमवर दोन मिनिटंही थांबत नाही. आपली थांबते, सहा सहा तास. त्यामुळे तुमची गाडी टॉप गिअरमध्ये तुमच्या नेहमीच्या स्पीडला किती आरपीएमवर असते तो आकडा आधी बघून ठेवा आणि कुठलाही पाईप फक्त त्या आकड्यावर ऐका, बाकी सगळी करमणूक आहे.

आणि फोनवरून तर अजिबात ठरवू नका. फोनच्या इवल्याशा स्पीकरला ३३ काय आणि ६६ काय, एवढे खालचे सूर वाजवताच येत नाहीत, तुम्ही ऐकताय ते फक्त वरचे पडसाद. शिवाय रेकॉर्ड करताना फोन मोठा आवाज स्वतःच दाबतो आणि बारीक वाढवतो, त्यामुळे सगळे पाईप सारखेच भारी. म्हणजे जो सूर तुम्हाला छळणार आहे तो व्हिडिओत नसतोच. डेसिबल मोजायच्या ॲपचंही तसंच, ती बहुतेक ए-वेटिंग लावतात, म्हणजे खालच्या सुरांना कमी मोजतात, त्यात ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६ डेसिबल वजाच होतात. माझ्या त्या बॉटलचा आकडा ॲपवर काही फार वाईट नव्हता, डोकं मात्र दुखायचंच.

बोगद्याचंही सांगून ठेवतो, साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात आपली गाडी काय वाजते म्हणून खूश होणारे सगळेच आहेत, मी पण, पण तिथे लूनासुद्धा चांगली वाजते.

अजून एक गोष्ट जी नवीन मुलांना पटत नाही. शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. म्हणजे तुम्ही वीस-पंचवीस हजार घालून घेतलेला सुंदर आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही, वारा त्याला झाकून टाकतो, झाकत नाही तो फक्त तो घुमणारा खर्ज, कारण तो हेल्मेटच्या फोममधून आणि अंगातून पण पोचतो. आवाज ऐकतात मागचे लोक, धाब्यावर बसलेले लोक. कानाच्या सुरक्षेचा जो हिशेब अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था सांगते तो असा की ८५ डेसिबल आठ तास चालतील आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. पुणे-गोवा किती तास लागतात ते तुम्हीच बघा. म्हणून मी आता कानात फोमचे बोळे घालतो, मेडिकलमध्ये मिळतात, स्वस्तात. गंमत म्हणजे बोळे घातल्यावर वाऱ्याचा किनरा आवाज जातो आणि इंजिन उलट जास्त चांगलं ऐकू येतं.

जाता जाता, लाऊड पाईपमुळे जीव वाचतो असं म्हणणारे भेटतील. पाईपचं तोंड मागे असतं, धोका बहुतेक वेळा पुढून येतो, आणि एसी लावून काचा बंद केलेल्या ट्रकवाल्याला तुम्ही बाजूला आल्यावरच ऐकू येणार. हॉर्न आणि डोकं वापरा. जगात टूरिंगची राणी म्हणतात ती होंडा गोल्डविंग, सहा सिलेंडर, १८३३ सीसी, ती किती शांत चालते ते एकदा ऐका.

आता पॉवर. दुकानात सांगतील दोन-तीन बीएचपी वाढते. नुसता मागचा डबा बदलला, म्हणजे स्लिप-ऑन, तर फरक जाणवेल असा फारसा नसतो, जे हलकं वाटतं ते वजन कमी झाल्यामुळे आणि आवाजामुळे, आवाज मोठा झाला की गाडी पळतेय असं वाटतं हा माणसाचा स्वभाव आहे. बेंडपाईपपासून, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाईपपासून, सगळं बदललं तर मात्र प्रकरण वेगळं. बीएस-६ या धुराच्या नियमांच्या गाड्यांत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुष्कळदा बेंडपाईपकडेच असतो आणि ऑक्सिजन सेन्सर पण तिथेच. तो काढला की धूर सोडण्याचे नियम मोडले, पीयूसी आणि वॉरंटी दोन्हीचा वांधा. शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्थिर स्पीडला सेन्सरकडे बघून पेट्रोल कमीजास्त करतो, पण फुल थ्रॉटलला तो आधी भरलेल्या आकड्यांवर चालतो, पाईप जास्त मोकळा झाला तर त्या वेळी मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पडू शकतं. म्हणजे नेमकं सामान, पिलियन आणि घाट एकत्र आले की गाडी गरम. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मेन जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं छिद्र, बदलून हे जमवायचे, आता मॅपिंग, म्हणजे ईसीयूतले आकडे बदलणं, लागतं.

बॅकप्रेशर पाहिजे असतं, नाहीतर पिकअप जातो, हे मेकॅनिकचं आवडतं वाक्य. त्यात अर्धं खरं आहे. इंजिनाला मागून दाब कधीच नको असतो, पण पाईपच्या लांबी-जाडीप्रमाणे दाबाची लाट परत येते, ती योग्य वेळी आली तर सिलेंडर साफ व्हायला मदत करते, चुकीच्या वेळी आली तर अडवते. कंपनीने ते तुमच्या रोजच्या आरपीएमसाठी जुळवलेलं असतं. जाड मोकळी नळी टाकली की खालच्या आरपीएमचा जोर जाऊ शकतो, आंबोलीत तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी मग दुसरा मागते.

फटाके. थ्रॉटल सोडला की फट् फट्. न जळलेलं थोडं पेट्रोल गरम पाईपमध्ये ताज्या हवेला भेटलं की तिथेच पेटतं. काही मुलं ते मुद्दाम वाजवतात, त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, आई वाचते. पण नवीन डबा टाकल्यावर अचानक फटाके सुरू झाले तर आधी जॉइंटचं पॅकिंग आणि क्लॅम्प बघा, बरेचदा तिथून हवा आत खेचली जात असते, दोनशे रुपयांचं काम असतं आणि लोक हजारो रुपयांचं रिमॅप करून येतात.

कायद्याचं गोड बोलून सांगता येत नाही म्हणून सरळ सांगतो. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल, साडेसात मीटरवरून, गाडी पिळून जात असताना मोजलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाचे नियम मोडल्याबद्दल पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. शिवाय १८२अ मध्ये गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आपल्याकडच्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, त्यात पंजाब आणि इंदोरी नावाचे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जास्त असतात पण चांगले महागडे पण असतात, रोलरला फरक कळत नाही. युरोपातून आलेल्या डब्यावर ई-मार्क असतो तो तिथल्या नियमांचा शिक्का, तोही ठराविक मॉडेलसाठी आणि आत डीबी-किलर असतानाच, चौकातल्या हवालदाराला त्याचं काही नाही. डीबी-किलर म्हणजे तोंडाशी बसवलेली ती छोटी नळी, एका स्क्रूवर असते. दुकानातून निघताना पोरं पहिल्यांदा तीच काढतात आणि मग म्हणतात डोकं दुखतं.

आणि पोलीस सोडा, शेजारी आहेत. राईडला आपण पहाटे पाचला निघतो. राहत्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, आता ४५ आणि ८०-९० यांच्यातला फरक काढा. माझ्या सोसायटीतले काका मला नुसते बघायचे, बोलायचे काही नाही, ते जास्त लागायचं.

एवढं ऐकूनही बदलायचाच असेल, आणि मला माहितीये बदलायचाच असतो, तर गाडीच्या कंपनीच्याच ॲक्सेसरीत तुमच्या मॉडेलसाठी रस्त्यावर चालणारा म्हणून दिलेला काही आहे का ते आधी बघा. आवाज मोठा नसेल पण जात वेगळी असते, भसाडेपणा जातो, गोलाई येते. धातू स्टेनलेस घ्या, कोकणातल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत सालं सोडतं. ग्लासवूलवाला असेल तर वूल जळत, उडत जाते, काही हजार किलोमीटरनंतर आवाज फाटका यायला लागला की परत भरावी लागते, म्हणून डबा उघडता येईल असा रिव्हेटचा किंवा बोल्टचा आहे का बघा, वेल्डिंगवाला घेतला तर पुढे कापायचाच. सॅडलबॅग लावून बघा, वर उचललेल्या पाईपने बॅगेचा कोपरा वितळवलेला मी दोनदा पाहिलाय, एकदा आत रेनकोट होता. पिलियनच्या टाचेला झळ लागते का तेही बघा. आणि मागचं चाक काढायला सायलेन्सर उतरवावा लागतोय का हे दुकानातच विचारा, पंक्चर काही दुकानात होत नाही.

मग ट्राय कशी करायची, तर तीच गाडी आणि तोच पाईप असलेला कोणीतरी शोधा, त्याला नाश्ता चारा, हेल्मेट घालून, मागे माणूस बसवून हायवेला वीस मिनिटं एकाच स्पीडला चालवा. पहिली पाच मिनिटं सगळेच चांगले वाटतात. पंधराव्या मिनिटाला तुम्ही नकळत स्पीड बदलायला लागलात, थोडं वर, थोडं खाली, तर समजा की शरीर घुमण्यापासून पळतंय, तो पाईप तुमचा नाही. मागच्या माणसाला पण विचारा, त्याचा कान पाईपच्या जास्त जवळ असतो.

माझ्या गाडीवर सध्या कंपनीचीच जोडी आहे, बायकोची अट. बॉटल विकली नाही, माळ्यावर गोणपाटात आहे. तुम्ही बदललात तर तुमची ओरिजिनल जोडी अशीच जपून ठेवा, विकताना गिऱ्हाईक तीच मागतं, आणि ठेवताना तोंडात कापडाचा बोळा कोंबा. मित्राने नाही कोंबला, दोन वर्षांनी परत बसवली तर गाडी स्टार्टच होईना, उतरवून बघतो तर कुंभारमाशीने आत पार शेवटच्या नळीपर्यंत मातीची घरं बांधलेली.